जुन्या नकाशावर आपलं गाव आणि वावर शोधताना: काम कोणत्या क्रमानं करावं

पूर्वजांचं गाव शोधायला निघालेली मंडळी बहुतेक वेळा सगळ्यात आधी नकाशा मिळवतात. जुन्या नकाशाची सुबक छापील प्रत घरी येते, भिंग घेऊन सगळे भोवती बसतात, आजोबांच्या तोंडून ऐकलेलं नाव दिसतं आणि शोध लागला असं वाटतं. सहा महिन्यांनी कळतं की त्याच नावाचं दुसरं गाव चार कोसांवर आहे आणि आपलं तेच होतं. मी आईच्या आजोळासाठी जवळजवळ एक वर्ष ‘खुर्द’च्या शिवारात शोधत राहिलो. घरातले कागद ‘बुद्रुक’चे होते. ते शब्द खरेदीखताच्या दुसऱ्याच ओळीत होते, पण नकाशा आधी उघडल्यामुळे मी ती ओळ नीट वाचलीच नव्हती.

आधी जागा कागदावर पक्की करायची, नकाशा नंतर उघडायचा आणि आजच्या नोंदीपासून एकेक थर मागे जायचं. एवढा क्रम सांभाळला तरी निम्म्या चुका टळतात. उदाहरणं मी मुख्यतः भीमाकाठच्या इंदापूर तालुक्यातली घेतो आहे. मुंबई इलाख्याची शेतवार मोजणी १८३६ च्या सुमारास याच तालुक्यातून सुरू झाली, त्यामुळे इथे कागदांचे थर भरपूर आहेत. शिवाय १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाखाली इथली कितीतरी गावठाणं गेली, म्हणजे जुन्या नकाशाची खरी गरज असलेली घरंही इथेच आहेत.

## १. नकाशा बाजूला ठेवा, आधी एक पान भरा

कोरं पान घ्या आणि त्यावर एवढं लिहा: गावाचं पूर्ण नाव (कसबा, मौजे, बुद्रुक, खुर्द, तर्फ यांसह), तालुका, जिल्हा, जमिनीचा नंबर, ग्रामदैवत, शिवेला लागून असलेली निदान तीन गावं. प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणत्या वर्षीच्या कागदातून किंवा कोणाकडून मिळाली हेही लिहा. वर्ष नसेल तर ती माहिती पुढे जुळवता येत नाही.

माहितीसाठी घरातली जुनी ट्रंक उघडा. सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, खरेदीखत, गहाणखत, शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या लग्नपत्रिका यांतला कोणताही कागद चालेल. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असतात. त्यात व्यक्तीबरोबर गावाचं नावही पक्कं होतं. कोल्हापूर-सांगलीकडे हेळव्यांकडे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी राखणाऱ्या मंडळींकडे, घराण्याची वंशावळ सापडते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यजमानाचं मूळ गाव लिहिलेलं असतं. वहीतली नोंद ज्या पिढीची आहे त्या पिढीचं गाव ते, हे मात्र ध्यानात ठेवा. त्याआधीची पिढी दुसरीकडे असू शकते.

मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. इथे एक चूक हमखास होते. आपण विचारतो, “वावर देवळाच्या कुठल्या बाजूला?” आजी सांगते, “उजवीकडे.” पण आजी देवळातून बाहेर तोंड करून सांगत असते आणि आपण देवळाकडे तोंड करून लिहून घेतो. म्हणून डावं-उजवं विचारूच नका. उगवतीला की मावळतीला? नदीच्या वरच्या अंगाला की खालच्या? ओढा ओलांडून जायचं की अलीकडेच? गावाकडची माणसं याच भाषेत दिशा सांगतात आणि ती चुकत नाहीत. माझ्या मावशीनं कागदावर काहीच काढलं नाही. तिनं परातीत गव्हाचं पीठ पसरलं, बोटानं नदीचं वळण ओढलं आणि वळणाच्या आतल्या बाजूला बोट टेकवून म्हणाली, “ही मळई, आणि मळईच्या वर आपली विहीर.” पुढे गावनकाशावर तसंच वळण आणि त्याच्या आत विहिरीची खूण दिसली.

तपासा: नुसतं गावाचं नाव, तालुका आणि एक शेजारचं गाव एवढंच हाती असेल तर पुढे जाऊ नका. निदान दोन वेगवेगळ्या कागदांत पूर्ण नाव सारखं यायला हवं.

## २. त्या वर्षी गाव कोणाच्या हद्दीत होतं ते ठरवा

आजच्या जिल्ह्याचं नाव घेऊन जुने नकाशे धुंडाळलेत तर हाती काही लागत नाही. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. जालना त्याच वर्षी औरंगाबादमधून निघाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात होता आणि पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. त्याही मागे गेलात तर जळगाव आणि धुळे मिळून एकच खानदेश जिल्हा होता, तो १९०६ मध्ये दुभंगला.

जिल्ह्यापेक्षा मोठी अडचण राज्याची असते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून बीडचं गाव मुंबई इलाख्याच्या नकाशात शेतवार सापडणार नाही. तिथले जुने कागद बऱ्याचदा उर्दूत असतात आणि कामाला येतं ते खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची नंबरवार नोंद. विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. पश्चिम महाराष्ट्रात संस्थानांची गावं इंग्रजी मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती: भोर, फलटण, सांगली, जत, औंध. आटपाडी औंध संस्थानात होतं हे ठाऊक नसलं की माणूस साताऱ्याच्या दप्तरात व्यर्थ शोधत बसतो. गोव्यात तर सगळी पद्धतच पोर्तुगीज, तिथे कोमुनिदादीपासून, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थेपासून, सुरुवात करावी लागते.

पानावर एक छोटा तक्ता करा. डावीकडे वर्ष, उजवीकडे तालुका, जिल्हा, राज्य किंवा संस्थान. चार-पाच ओळी पुरतात.

## ३. प्रत घेताना नकाशाइतकाच समास पाहा

नक्कल-नकाशे विकणारे बऱ्याचदा मधला सुंदर भाग ठेवतात आणि कडा कापतात. सजावटीला ते ठीक, शोधाला निरुपयोगी. मोजणीचं वर्ष, छपाईचं वर्ष, पुनर्मुद्रणाची नोंद, खुणांची सूची, प्रमाणपट्टी, अक्षांश-रेखांशाचे आकडे हे सगळं समासातच असतं. मी पहिल्यांदा मागवलेली प्रत अशीच कापलेली निघाली. तो नकाशा कोणत्या सालचा हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि साल माहीत नसलेल्या नकाशावरून काहीच सिद्ध होत नाही.

घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. पूर्ण समास आहे का? प्रत मूळ आकाराची आहे की लहान-मोठी केलेली? स्कॅन इतकं स्पष्ट आहे का, की झूम केल्यावर सगळ्यात बारीक अक्षरही वाचता येईल?

थांबा: नकाशावर ‘एक इंच = एक मैल’ छापलेलं असतं, पण प्रत लहान करून छापली असेल तर ते वाक्य खोटं ठरतं. रेघांची प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून अंतर नेहमी पट्टीवरूनच मोजा.

आणखी एक गफलत. छपाईचं साल म्हणजे मोजणीचं साल नव्हे. १९४० च्या दशकात छापलेल्या पत्रकावर (मोठ्या नकाशाच्या एका सुट्या कागदावर) मोजणी त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीची असू शकते, आणि नंतर फक्त रेल्वे किंवा रस्ते भरून घेतलेले असू शकतात. घर, विहीर, वाडी यांचा पुरावा मोजणीच्या सालाचा धरा.

फुकट मिळणाऱ्यांपैकी दोन मालिका उपयोगी पडतात. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाच्या संग्रहात १९५० च्या दशकातली भारताची १:२,५०,००० प्रमाणाची यू-५०२ मालिका आहे. उजनी, कोयना, जायकवाडी भरण्याआधीचा मुलूख तिच्यात दिसतो. आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर १:५०,००० ची आजची पत्रकं नोंदणी करून उतरवता येतात. आजचं पत्रक तुलनेसाठी हवंच.

## ४. पत्रकाचा क्रमांक स्वतः काढा

विक्रेत्याला किंवा ग्रंथालयाला ‘आमच्या गावाचा नकाशा द्या’ म्हणण्यापेक्षा क्रमांक सांगा. तो काढणं अवघड नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत चार अंश बाय चार अंशाच्या चौकोनाला एक क्रमांक असतो. ४७ म्हणजे पूर्व रेखांश ७२ ते ७६ आणि उत्तर अक्षांश १६ ते २०. त्यात एकेक अंशाचे १६ चौकोन, इंग्रजी ए ते पी अक्षरांचे. त्या प्रत्येकात १५ मिनिटांची १६ पत्रकं, १ ते १६. अक्षरं आणि आकडे दोन्ही वायव्येच्या कोपऱ्यापासून सुरू होतात, आधी वरून खाली उतरतात आणि मग उजवीकडच्या रांगेत जातात.

पुणे शहर घ्या: साधारण १८.५२ उत्तर, ७३.८५ पूर्व. रेखांश ७३ ते ७४ म्हणजे दुसरी उभी रांग, ई-एफ-जी-एच. अक्षांश १८ ते १९ म्हणजे तिच्यातलं दुसरं घर, एफ. आतमध्ये ७३.७५ ते ७४ ही चौथी रांग, १३ ते १६, आणि १८.५० ते १८.७५ हे वरून दुसरं घर. पत्रक ४७ एफ/१४. याच रीतीनं इंदापूर गाव (१८.१२, ७५.०३) ४७ एन/४ वर येतं.

खानदेश ४६ मध्ये, नागपूर ५५ मध्ये, नांदेड ५६ मध्ये, तर सावंतवाडी आणि गोवा ४८ मध्ये. गाव पत्रकाच्या कडेला येत असेल तर शेजारचंही घ्या, कारण शिवार दोन पत्रकांवर विभागलेलं असतं. आजच्या खुल्या मालिकेत क्रमांकाची पद्धत निराळी आहे, तिची जुन्याशी गल्लत करू नका.

## ५. नाव वाचताना उच्चारानं वाचा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले इंग्रज कानाला जसं आलं तसं लिहीत. ऊकारासाठी दोन ‘ओ’, ईकारासाठी दोन ‘ई’, आणि बऱ्याच ठिकाणी अकारासाठी ‘यू’. पूना, शोलापूर, बसीन, सॅलसेट ही नावं आपण ओळखतो, पण दोन-अडीचशे उंबऱ्यांच्या वाडीचं नाव त्या स्पेलिंगमध्ये पाहिलं तर ओळखू येत नाही. तेव्हा नाव मोठ्यानं म्हणा. ‘ळ’ला इंग्रजीत अक्षर नाही, तो ‘एल’ म्हणून येतो. ‘ण’ आणि ‘न’, ‘ड’ आणि ‘द’ एकच होतात. वडगाव, पिंपळगाव, निमगाव, सावरगाव ही नावं तर प्रत्येक तालुक्यात भेटतात.

म्हणून नाव जुळलं एवढ्यावर गाव ठरवू नका, शेजारी जुळवा. पहिल्या पानावरची तीन शिवेलगतची गावं नकाशात त्या-त्या दिशेला आहेत का ते पाहा. तिन्ही जुळली तर गाव तेच. दोन जुळली तर शंका ठेवा. एकच जुळलं तर ते गाव सोडा. बुद्रुक-खुर्द अनेकदा नदीच्या किंवा ओढ्याच्या दोन काठांवर समोरासमोर असतात आणि छोट्या प्रमाणाच्या नकाशात दोघांना मिळून एकच नाव छापलेलं असतं.

थांबा: धरणग्रस्त गावाचं नाव आजच्या नकाशात शोधलं तर पुनर्वसनाचं गावठाण सापडतं, जुनं नव्हे. पळसदेव आज पुणे-सोलापूर महामार्गालगत दिसतं, पण जुन्या पळसदेवाचं देऊळ उजनीच्या फुगवट्यात आहे आणि पाणी उतरलं की उन्हाळ्यात वर येतं. कोयनेची काही गावं तर जिल्हाच बदलून वसली. पणजोबांचं घर नव्या ठिपक्यावर शोधू नका.

## ६. गावनकाशावर उतरा, नंबर मागे नेत नेत

इथपर्यंत गाव मिळालं. वावर मिळवायचं तर टोपोशीट, म्हणजे वर सांगितलेलं सर्वेक्षण विभागाचं पत्रक, उपयोगाचं नाही, त्याला गावनकाशा लागतो. आजचा गावनकाशा ‘महाभूनकाशा’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतो. जुना नकाशा, टिपण (शेताचं मोजमापांसह काढलेलं रेखाटन) आणि आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) यांच्या नकला तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात अर्ज करून मिळतात. अनेक ठिकाणचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’वर स्कॅन करून ठेवलेले आहेत.

इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात, कारण नंबर बदललेले असतात. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली बऱ्याच गावांत एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतातला ‘सर्व्हे नंबर ११२’ आणि आजच्या नकाशातला ‘गट ११२’ यांचा काहीएक संबंध नसतो. तरीही लोक थेट आकडा जुळवतात आणि भलत्याच्याच रानात जाऊन उभे राहतात.

क्रम असा ठेवा. आजचा सातबारा घ्या, त्यावरचा गट नंबर लिहा. त्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक एकेक करून मागे वाचत जा. एकत्रीकरणाच्या फेरफारापाशी पोहोचलात की त्या वेळचा जबाब मागवा, त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नवा गट समोरासमोर असतात. मग सर्व्हे नंबर घेऊन जुना गावनकाशा उघडा. वारसाचे फेरफार वाचताना वंशावळही आपोआप भरत जाते. कोण कधी वारलं आणि मागे कोण होतं, हे त्यांत तारखेनिशी असतं. लग्न झालेल्या लेकींची नावं घरच्या वंशावळीत नसतात, ती मला कितीदा तरी इथेच सापडली आहेत.

टिपण हातात आल्यावर एकक सांभाळा. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि तिचे १६ आणे. टिपणावर बांधाला १२-८ लिहिलं असेल तर त्या १२ साखळ्या ८ आणे, म्हणजे साडेबारा साखळ्या, ४१२.५ फूट. ते १२.८ मीटर समजणारे लोक मी पाहिले आहेत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर.

तपासा: जुने अनेक गावनकाशे एका इंचाला २० साखळ्या या प्रमाणात आहेत. मूळ आकाराच्या अशा प्रतीवर एक चौरस इंच म्हणजे ४०० गुंठे, १० एकर. आकारबंदात तुमच्या नंबराचं क्षेत्र अडीच एकर असेल तर तो नकाशावर पाव चौरस इंच भरला पाहिजे. फारच फरक आला तर एक तर प्रत लहान-मोठी झाली आहे, किंवा नंबर चुकला आहे. पोटखराबा, म्हणजे नंबरातली लागवडीला न येणारी जागा, मिळवायला विसरू नका. नकाशात तो शेताच्या आतच असतो, लागवडीच्या क्षेत्रात मात्र धरलेला नसतो.

## ७. जुना नकाशा आजच्यावर बसवा

क्यूजीआयएस ही प्रणाली फुकट आहे आणि तिच्यात जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवण्याची सोय आहे. टोपोशीट असेल तर आधी चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्या. गावनकाशावर ते नसतात, तिथे खुणेच्या जागा जुळवाव्या लागतात. निदान सहा खुणा घ्या, आणि त्या नकाशाभर पसरलेल्या असू द्या.

खूण म्हणून चालतं ते असं: दगडी देऊळ, बुरूज, टेकडीचा माथा, रेल्वेचा पूल, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड. चालत नाही ते: नदीकाठ, ओढ्याचं वळण, गाडीवाट, झाड. उजनीसारख्या ठिकाणी खुणा पाण्याबाहेरच्या, चढावरच्या घ्या. मग बुडालेलं गावठाण आपोआप जागेवर येतं.

दोन फरक आधीच ठाऊक हवेत. जुनी पत्रकं एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आखलेली आहेत आणि मोबाईलचं जीपीएस दुसऱ्या पायावर चालतं. त्यामुळे जुने आकडे तसेच मोबाईलमध्ये घातले तर आपल्याकडे शंभरेक मीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यात दुसऱ्याचं वावर लागतं. एकोणिसाव्या शतकातल्या पत्रकांत रेखांश ज्यावरून मोजत त्या मद्रासचाच आकडा जुना, थोडा चुकलेला धरलेला असल्यानं आणखी सुमारे अडीच मिनिटांचा, म्हणजे चारेक किलोमीटरचा फरक येऊ शकतो.

तपासा: बसवून झाल्यावर, खूण म्हणून न वापरलेलं एखादं देऊळ निवडा. ते जुन्या आणि आजच्या नकाशात एकावर एक येत असेल तरच पुढचं काही खरं धरा.

## ८. नकाशा घेऊन गावी जा

मूळ प्रत नेऊ नका, ए-३ कागदावर छापील तुकडा न्या आणि सोबत पेन्सिल. सुगीच्या किंवा पेरणीच्या धांदलीत जाऊ नका. पहिल्यांदा ग्रामदैवताच्या देवळात जा. तिथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना नकाशा दाखवण्याआधी वावराचं नाव सांगा. गावात जमिनीला नंबरानं कोणी ओळखत नाही, ती ‘मळई’, ‘खोरी’, ‘पाणंदीचं’, ‘देवाचं’ अशा नावांनी ओळखली जाते.

आणि पहिल्याच मिनिटाला स्पष्ट सांगा की तुम्ही घराण्याची माहिती गोळा करायला आला आहात, जमीन मागायला नाही. शहरातला माणूस जुना नकाशा घेऊन बांधावर उभा राहिला की कसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि मग कोणी बोलत नाही. विकत घेतलेला नक्कल-नकाशा हा मालकीचा पुरावाही नव्हे. हक्काचा प्रश्न असेल तर प्रमाणित नक्कल आणि सरकारी मोजणी, आणि तो सगळा वेगळा मार्ग आहे.

घरी परतल्यावर त्याच रात्री तीन रंगांनी नोंद करा. नकाशात दिसलं ते निळं, कागदात मिळालं ते काळं, माणसांनी सांगितलं ते हिरवं. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख प्रत्येक हिरव्या ओळीपुढे लिहा. जिथे तिन्ही रंग एका जागी आले ती जागा पक्की. बाकीच्यांपुढे प्रश्नचिन्ह घालून ठेवा आणि पुढच्या खेपेला तिथूनच सुरुवात करा.